कोपऱ्यातली बोटभर जागा

संध्याकाळ झाली की माझे पाय सुजतात. डॉक्टरांनी विचारलं, "काम उभ्याचं होतं का?" मी म्हटलं, "छत्तीस वर्षं लग्नपत्रिका विकल्या." ते हसले. पत्रिका विकणं हे बसून करायचं काम आहे असा त्यांचा समज असावा. लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक कधी एकटं येत नाही आणि कधी बसत नाही. सहा जण येतात. आई एक नमुना उचलते, आत्या तो परत ठेवते, मामा त्याच्याकडे न बघताच "महाग असेल" म्हणतात, आणि ज्याचं लग्न असतं तो बाहेर स्कूटरपाशी उभा असतो. तोवर काउंटरवरच्या माणसाला बसता येत नाही.

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी काउंटर सांभाळायचो. पुढे कार्डांचं आणि कागदाचं दुकान, मागे यंत्रं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मी लागलो तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे दिवस होते आणि निवृत्त झालो तेव्हा लोक फोनवर पत्रिका धाडून वर "प्रत्यक्ष आमंत्रण समजावे" असं लिहू लागले होते. मधल्या काळात काय काय बदललं ते या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं आहे. सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते बरंचसं थकवणारं आहे. तरी एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगतो, पण आधी थोडा धंदा समजावून द्यावा लागेल.

कागद आणि छपाई यांचंही जुळावं लागतं. लोक दोन्ही वेगवेगळं पसंत करतात आणि मग आमच्या नावानं बोटं मोडतात. ट्रेडल म्हणजे पायानं किंवा मोटारीवर चालणारं जुनं यंत्र. ते खिळे कागदावर दाबतं. त्याला जाड, मऊ कागद हवा. छापलेल्यावर बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं. ऑफसेटला आधी प्लेट बनवावी लागते, म्हणून दोनतीनशे प्रतींसाठी तो खटाटोप परवडत नाही. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. तिच्यातून रबराच्या पट्टीनं शाई खाली ओढायची. एकेक कार्ड हातानं, एकेक रंग वेगळा. सोनेरी शाई खुलते ती स्क्रीनवरच. वेळ फार लागतो, पण ती शाई तेलातली असते. एकदा वाळली की धुतली तरी जात नाही.

आणि मग घरचे प्रिंटर आले.

तोवर हिंजवडीला कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, कोथरूडात घरटी एक मुलगा अमेरिकेच्या वेळेनुसार जेवत होता, आणि आमच्या काउंटरवर पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली मुलं यायला लागली होती. त्यांना पत्रिका छापून नको होती. "आम्हीच करणार आहोत काका, फक्त कागद बघायचाय." आई-आत्या सोबत नाहीत म्हणून सुरुवातीला मला बरं वाटलं. पुढे कळलं की सहा जणांचे प्रश्न ती मुलं एकटीच विचारतात. एकानं कागदांचा तक्ता करून आणला होता. उभ्या रकान्यात कागद, आडव्या ओळीत गुण. जाडी, पोत, रंग, "फील". "फील"ला दहापैकी किती द्यायचे ते मी सांगावं अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हटलं, "हात लावा आणि तुम्हीच द्या." त्यानं हात न लावता सात दिले.

आणखी एक जोडपं आठवतं. त्यांनी तुळशीचं बी घातलेला हातकागद कुठून तरी मिळवला होता. पत्रिका वाचून झाली की मातीत पुरायची, तुळस उगवायची. कल्पना छान होती. पण त्यांना त्यावर अक्षरं दाबून छापलेली हवी होती, म्हणजे ट्रेडलवर. मी सांगितलं, यंत्राखाली बी चिरडेल. ते म्हणाले, "थोडं चिरडलं तर चालेल." दोन महिन्यांनी फोन आला. "काका, कोणाकडेच उगवलं नाही." मी विचारलं, "लग्न लागलं ना? मग तुळशीचं लग्न पुढे कधीतरी लावा." फोन बंद झाला. पुणेरी दुकानदाराबद्दल लोक जे बोलतात त्याला माझाही हातभार लागलेला आहे, हे कबूल करतो.

घरी छापणाऱ्यांना मी तीन गोष्टी सांगायचो. लेझर प्रिंटरची शाई म्हणजे भुकटी असते. ती उष्णतेनं कागदावर चिकटते. हातकागदासारख्या खडबडीत कागदावर ती उंचवट्यांवर बसते, खळग्यांत बसत नाही, आणि घडी घातली की पोपडे निघतात. इंकजेटची शाई पातळ असते. हातकागद ती पिऊन घेतो आणि रंग सुरेख दिसतो, चकचकीत कागदावर मात्र ती वाळतच नाही. आणि इंकजेटला पाणी चालत नाही. ओलं बोट लागलं की अक्षर पसरतं. ही तिसरी गोष्ट विसरू नका.

एक नियम मात्र फक्त आम्ही छापणारे पाळायचो, गिऱ्हाइकाला कधी सांगायचो नाही. तो म्हणजे कोपऱ्यांचा. पत्रिकेचे चारही कोपरे आतून बोटभर मोकळे ठेवायचे. तिथे अक्षर नको, वेलबुट्टी नको, फार तर बारीक रेघ. कारण पत्रिका देताना लोक चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाचं बोट लावतात. कुंकू ओलं असतं, बोट जाड असतं, घाई असते. कोपऱ्यात कोणाचं नाव असलं तर ते झाकलं जातं.

हा नियम मला आमचे मशीनमन गफूरभाई यांनी शिकवला. माझ्या घरी पत्रिकेला हळदकुंकू लावत नाहीत. आम्ही बौद्ध. वडील धम्मात आले तेव्हापासून आमच्या पत्रिकांवर वर तथागतांचं चित्र आणि खाली "मंगल परिणय". म्हणजे एक मुसलमान आणि एक बौद्ध मिळून गणपतीच्या ब्लॉकखाली दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाला जागा सोडत होते. यात काही मोठं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. कामच होतं ते. काही गिऱ्हाइकांना मात्र माझं आडनाव जाणून घ्यायची घाई असे. एक गृहस्थ आडनाव ऐकून "घरी विचारून येतो" म्हणाले आणि नमुना तिथेच ठेवून गेले. त्यांचं घर अजून विचार करत असावं.

आता मूळ गोष्ट.

वारज्याचे बबनराव आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नाची पत्रिका मी काउंटरवर लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी आम्ही छापली होती. ट्रेडलवर, गुलाबी कागदावर. तेव्हा वारजे गाव होतं, शेती होती, आणि पत्रिकेवर निमंत्रक म्हणून सगळ्यात आधी थोरल्या भावाचं नाव होतं. त्या भावाला घरचे आणि गावचे सगळे तात्या म्हणतात. पुढे गाव शहरात आलं, शेतांवर इमारती आल्या, आणि जमिनीवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. हे मला बबनरावांनीच सांगितलं होतं. ते वर्षातून एकदा पावतीपुस्तकं छापायला यायचे आणि न विचारता घरचं सांगायचे. "पोरीच्या लग्नाची पत्रिका तुमच्याकडंच," असंही दर वर्षी म्हणायचे.

ती पोरगी म्हणजे अश्विनी. शनिवारी दुपारी एकटीच आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीला बॅग. स्वतःची ओळख सांगितली. मी खूश झालो. नमुन्यांचं कपाट उघडायला वळलो तेवढ्यात तिनं बॅगेतून एक छापलेलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"डिझाइन झालंय काका. घरीच प्रिंट करतेय, इंकजेटवर. फक्त हा कागद बदलायचाय, हा फारच साधा आहे. तुमच्याकडचा हातकागद माझ्या प्रिंटरमधून जाईल ना?"

मी म्हटलं, "बाबा म्हणाले होते, छपाई आमच्याकडे."

"बाबांचं जुनं आहे हो. प्रिंटिंगमध्ये आता काय असतं? बटण दाबायचं."

ती उर्मट नव्हती. हसून म्हणाली होती. पण मला ते लागलं. त्या दिवसांत रोज कोणीतरी येऊन बटण दाबायचं असतं एवढंच ऐकवून जायचं. मागे ट्रेडलवर कापड टाकलेलं होतं. गफूरभाई गावी गेले होते ते कायमचे. अण्णा मागची जागा भाड्यानं द्यायचं बोलत होते. या सगळ्याशी त्या मुलीचा काय संबंध होता? काही नव्हता. तरी माझा राग निघाला तो तिच्यावर, आणि तोही न बोलता.

मी कार्ड हातात घेतलं. चांगलं केलं होतं. आंब्याच्या पानांची वेल चारही बाजूंनी थेट कडेपर्यंत आली होती. डाव्या खालच्या कोपऱ्यात, वेलीला टेकून, बाकीच्यांपेक्षा ठळक अक्षरांत निमंत्रक म्हणून एकच नाव होतं, तात्यांचं. ते मी वाचलं. भाऊ भावाला बोलवायला निघाला आहे, हे माझ्या लक्षात आलं. नाव कोपऱ्यात आहे हेही दिसलं, आणि शाई इंकजेटची आहे हे तर तिनंच सांगितलं होतं. या घरात ही पत्रिका कशी दिली जाणार हे मला ठाऊक होतं. सगळं एका नजरेत कळलं. त्याच कामाचा तर मी पगार घ्यायचो.

"जाईल," मी म्हटलं. "एकेक ताव घाला, गठ्ठा घालू नका."

"आणखी काही बघायला हवं?"

"कागद विचारलात, कागद सांगितला."

तिनं तीनशे ताव घेतले, "थँक्यू काका" म्हणाली आणि गेली. तिसरी गोष्ट मी प्रत्येकाला सांगायचो असं वर लिहिलं आहे. तिला सांगितली नाही.

नऊ-दहा दिवसांनी सकाळी दुकान उघडताना बबनराव पायरीवर बसलेले दिसले. चेहरा उतरलेला. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

म्हणाले, पहिली पत्रिका देवाला ठेवली. देवाच्या पत्रिकेला फक्त अक्षता वाहिल्या, त्यामुळे काही कळलं नाही. दुसरी पत्रिका तात्यांची. अकरा वर्षांनी ते, त्यांची बायको आणि अश्विनी, तिघं तात्यांच्या दारात गेले. तात्यांनी या म्हटलं नाही, पण जाही म्हटलं नाही. वहिनींनी पाट मांडला. बबनरावांनी करंड्यातलं कुंकू तळहातावर घेऊन पाण्याच्या थेंबात कालवलं, चार कोपऱ्यांना बोटं टेकवली आणि पत्रिका तात्यांच्या हातात दिली.

"तात्यांनी आधी आपलं नाव बघितलं," बबनराव म्हणाले. "आन त्यांच्या डोळ्यांदेखत ते नाव पसरायला लागलं. निळं, लाल, सगळं एक झालं. अक्षर म्हणून राहिलं न्हाई. मी बघतोय, अश्विनी बघतीय. तात्या म्हणले, अकरा वर्सांनी आलास ते माझं नाव पुसायला आलास व्हय. आन उठून आत गेले."

नंतर घरी येऊन त्यांनी दुसऱ्या पत्रिकेला ओलं बोट लावून बघितलं. तिचंही तेच झालं. तीनशेच्या तीनशे तशाच. लग्न तीन आठवड्यांवर. तात्या आले नाहीत तर गावची भावकी येणार नव्हती, पण बबनरावांना त्याची फार फिकीर दिसली नाही.

"भावकी गेली तर गेली. पर पोरगी तात्यांच्या खांद्यावर वाढलीय. तिनं ते नाव मुद्दाम ठळक काढलं. आता म्हणतीय, बाबा, मी माझ्या हातानं केलं. रडतीय नुसती."

मी म्हणालो, इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, यात कोणाची चूक नाही. हे बोलताना मी काउंटरवरचे नमुने सारखे करत होतो. बबनरावांना माझा संशय आला नाही. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही येता का माझ्यासंगं? छापणाऱ्या माणसानं सांगितलं तर तात्या ऐकतील."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी एका पिशवीत दोन कागद घेतले. एकावर दुकानातल्या इंकजेटनं माझं नाव छापलं, दुसऱ्यावर ते आधीच स्क्रीननं छापलेलं होतं, जुन्या कामातलं. बबनरावांच्या स्कूटरवर मागे बसलो. कर्वे रस्ता, कोथरूड, मग वारजे.

तात्यांनी आपल्या वाटणीच्या जागेवर चार मजले बांधले होते आणि स्वतः तळमजल्यावर राहत होते. पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधे एक म्हैस बांधलेली होती. वरच्या भाडेकरूंची तक्रार होती म्हणे. तात्यांनी त्यांना सांगितलं होतं की म्हैस आधीपासून राहते. सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, नजर स्थिर. बबनराव दारातच उभे राहिले. मी आत जाऊन सतरंजीवर बसलो. भिंतीतल्या फळीवर, औषधांच्या डब्याला टेकवून, ती पत्रिका ठेवलेली होती. डावा कोपरा जखमेवरच्या पट्टीसारखा दिसत होता.

मी ओळख सांगितली. वहिनींकडून पाण्याची वाटी मागून घेतली, बोट बुडवलं आणि पहिल्या कागदावरच्या माझ्या नावावर ठेवलं. नाव पसरलं. मग दुसऱ्या कागदावर ठेवलं. काही झालं नाही. म्हटलं, "तात्या, नाव कोणी पुसलं नाही. शाई कच्ची होती. माझंही नाव गेलं बघा."

तात्यांनी दोन्ही कागद हातात घेतले. स्वतःचं बोट बुडवून स्वतः लावून बघितलं.

"ही शाई अशी हाय, हे तुमाला आज कळलं?"

"नाही. पहिल्यापासून ठाऊक आहे."

"पोरगी कागद न्यायला तुमच्याकडंच आली व्हती न्हवं?"

बबनरावांनी मान वर केली. मी म्हटलं, "आली होती."

"मंग?"

"तिनं कागदाचं विचारलं. शाईचं नाही विचारलं."

"आन तुम्ही सांगितलं न्हाई."

छत्तीस वर्षांत काउंटरवर मला उत्तर सुचलं नाही असं फारसं झालं नाही. तिथे मात्र खरं तेच सांगावं लागलं. "नाही सांगितलं. मला राग आला होता. छपाई आमच्याकडे नाही दिली म्हणून. नाव कोपऱ्यात आहे हेही दिसलं होतं मला. गप्प बसलो."

बाहेर म्हैस पाय आपटत होती. बबनराव माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. आता तात्या मला उठून जायला सांगतील असं वाटलं. त्यांनी सांगितलं असतं तर बरंच झालं असतं.

तात्यांनी कागद खाली ठेवले. बोलले ते माझ्याकडे बघून नाही, दाराकडेही नाही, मधे कुठेतरी बघून.

"ह्यानं जमीन बिल्डरला दिली तवा मला इचारलं न्हाई. धाकटा, पर इचारलं न्हाई. त्या जमिनीच्या खालच्या अंगाला वढा हाय. उन्हाळ्यात दिसत न्हाई. चांगला पाऊस झाला की पुरुषभर पाणी येतं. माझ्या बापानं मला दावलं व्हतं, ह्यो तवा लहान. बिल्डरची माणसं पायाच्या आखणीचा चुना टाकत व्हती, मी बांधावर हुबा व्हतो. तोंडात आलं व्हतं. म्हनलं, इचारलं न्हाई तर सांगतो कशाला." ते थांबले. "पाया खणला, पाणी आलं, समदं बसलं. सा वर्सं काम रखडलं, ह्याला घर न्हाई. पोरगी भाड्याच्या एका खोलीत शिकली. मी रोज बघत व्हतो."

अकरा वर्षांचा अबोला जमिनीवरून आहे असं बबनराव मला सांगत आले होते. या ओढ्याचं त्यांना ठाऊक नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि ते मी लावलं असं होणार. वहिनी चहाचे कप घेऊन आल्या आणि त्याही तिथेच थबकल्या.

बबनराव दारातून आत आले. वहिनींच्या हातातला एक कप घेतला आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवला.

"तात्या, चहा घ्या. गार हुईल."

तात्यांनी कप उचलला. त्या दिवशी दोघांत तेवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी अश्विनी दुकानात आली. मी घडलेलं सगळं सांगून टाकलं, बबनरावांनी सांगितलं असेल की नाही याची वाट न बघता. ती रागावली. रागवायलाच हवं होतं. "म्हणजे तुम्हाला दिसत होतं काका?" एवढंच दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मग तिनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला. "कोपरे किती मोकळे ठेवायचे?"

"बोटभर."

"कोणाचं बोट?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "बाबांचं धर. जाड आहे."

तिनं वेल आत घेतली, तात्यांचं नाव कोपऱ्यातून काढून मधोमध आणलं. नवी पत्रिका स्क्रीनवर करायची असं ठरलं, पण स्वतः हातानं करायची हा हट्ट तिनं सोडला नाही. म्हणून दोन रविवार मी तिला मागच्या खोलीत पट्टी ओढायला शिकवलं. पहिली चाळीस कार्डं वाया गेली. कुठे शाई जास्त, कुठे नाव अर्धं. मनगट दुखायला लागल्यावर म्हणाली, "बटण बरं होतं." मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. बांबूच्या काठीला दोऱ्या बांधून आम्ही कार्डं वाळत घातली. मागच्या खोलीत इतकी कार्डं त्यानंतर कधी लटकली नाहीत. पुढच्या वर्षी ती जागा झेरॉक्सवाल्याला गेली.

त्या प्रसंगानंतर मी सगळ्यांना न विचारलेलंही सांगायला लागलो. लोक वैतागायचे. "काका, फक्त पाकिटं हवीत," म्हणायचे, आणि मी त्यांना शाई, घडी, कोपरे सगळं ऐकवायचो. एका मुलानं तोंडावर सांगितलं की म्हणूनच आम्ही ऑनलाइन मागवतो. त्याचंही खरंच होतं. हल्लीच्या फोनवरच्या पत्रिकेला हळदकुंकू लावायचं नसतं, कोपरे कडेपर्यंत भरले तरी चालतात. मला जे येत होतं त्यातलं बरंचसं आता कोणाला लागत नाही. याचं दुःख होतं, पण फार नाही. लागत होतं तेव्हा मी ते एकदा लपवून ठेवलं, त्याचं जास्त होतं.

लग्नाला मला आमंत्रण होतं. बबनराव स्वतः घरी येऊन पत्रिका देऊन गेले. आमच्या घरी हळदकुंकू चालेल का असं दारातच विचारलं. मी म्हटलं, "लावा, जागा त्यासाठीच सोडलीय." त्यांनी चारही कोपऱ्यांना बोटं टेकवली आणि जरा वेळ कार्ड तसंच धरून ठेवलं. नाव जागेवर राहिलं. मग ते बसले आणि त्यांनी तात्यांचं सांगितलं. नवी पत्रिका घेऊन गेले तेव्हा तात्यांनी ती हातात घेतली, नावावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. म्हणाले, ही गावात वाटा, मला माझी मिळाली हाय. येणार की नाही ते बोलले नाहीत. बबनरावांनीही विचारलं नव्हतं. "इचारलं असतं आन न्हाई म्हणले असते तर?" असं मलाच विचारलं.

वारज्यातल्याच कार्यालयात लग्न होतं. मी पोचलो तर दारात फेटा बांधून तात्या उभे. आल्या-गेल्याला हात जोडत होते, नेहमी कार्यालयाच्या दारात थोरला उभा असतो तसे. बबनराव आत कुठेतरी धावपळीत होते. तात्यांनी मला ओळखलं. "या," म्हणाले. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, बंडीच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी ती पहिली पत्रिका काढली. घडीवर विरलेली. डावा कोपरा आता तपकिरी पडला होता. नाव कुठे होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

"दुसरी चांगली छापून झाली की तात्या," मी म्हटलं. "ही वाचताही येत नाही."

"न्हाई येत," ते म्हणाले. "पर कुणाचं नाव हाय ते मला ठाव हाय."

आणि त्यांनी ती परत आत ठेवली. मी हात जोडून आत गेलो. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि या वेळी माझ्याकडे सांगायचं काही राहिलंही नव्हतं.